कुलूपबंद घराला दुपारची सवलत

1 जुलै 2025 पासून महावितरणच्या घरगुती ग्राहकांना एक नवी सवलत मिळू लागली. वेळेनुसार वापर नोंदवणारा टीओडी मीटर बसवलेल्या घरात सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेत वापरलेल्या प्रत्येक युनिटमागे 80 पैसे ते 1 रुपया कमी. डोंबिवलीकराने ही बातमी वाचली असेल ती बहुधा फास्ट लोकलमध्ये, एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हाताने वरची कडी धरून. नऊला तो वाटेत असतो, पाचला ऑफिसात, आणि दाराचे कुलूप उघडतो ते साडेसात-आठला. नवरा-बायको दोघेही नोकरीला असतील तर सवलतीच्या त्या आठ तासांत घरात चालतो तो एकटा फ्रिज.

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात विजेचे वेळापत्रक लोकलच्या वेळापत्रकाने ठरते. पहाटे पाचपासून गीझर लागतात. आठ-साडेआठनंतर इमारती रिकाम्या होतात. संध्याकाळी गाड्या माणसे ओतायला लागल्या की तासाभरात लिफ्ट, मिक्सर, वॉशिंग मशीन, एसी आणि सोसायटीचा पाण्याचा पंप एकदम जागे होतात. मे महिन्यात घोडबंदर रोडवर किंवा डोंबिवली पूर्वेला डीपी उडतो तो बहुधा याच वेळी. खाली जमलेली माणसे महावितरणच्या नावाने बोटे मोडतात आणि वायरमनची वाट बघतात.

दुपारी वीज स्वस्त का झाली, याचे उत्तर डोंबिवलीत सापडत नाही, ते विदर्भ-मराठवाड्यातल्या सौर प्रकल्पांत आणि राजस्थानच्या वाळवंटात आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मधून शेतीच्या फीडरसाठी 16,000 मेगावॅट सौरऊर्जा उभारण्याचे राज्याचे उद्दिष्ट आहे. देशभरात सौर प्रकल्पांची भर पडते आहेच. परिणामी वीजबाजारात दुपारी विजेचा पूर येतो आणि दिवेलागणीला दुष्काळ पडतो. हा बाजार दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे 96 तुकडे करून प्रत्येक तुकड्याचा वेगळा भाव ठरवतो. मे 2025 मध्ये काही दुपारी तात्काळ बाजारातला भाव जवळजवळ शून्याला टेकला होता. टंचाईच्या संध्याकाळी तोच भाव युनिटला 10 रुपयांच्या कमाल मर्यादेपर्यंत चढतो. एकाच दिवसात, एकाच तारेतून येणाऱ्या विजेचे हे दोन भाव.

कारखानदारांना याचा चटका आधी बसला. उच्चदाब ग्राहकांना वर्षानुवर्षे रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत युनिटमागे दीड रुपयाची सूट होती. औष्णिक केंद्रे रात्री बंद ठेवता येत नाहीत, तेव्हा त्यांची वीज खपवायला ही सूट दिली जाई. त्या सवलतीवर अनेक कारखान्यांनी तिसरी पाळी बेतली. 2025 च्या दरआदेशाने सवलत उचलून दिवसा नेली आणि संध्याकाळी 5 ते मध्यरात्री 12 या वेळेवर अधिभार बसवला. अर्थशास्त्र म्हणून हे बरोबर आहे. पण रात्रपाळी म्हणजे कामगारांच्या बस, कंत्राटे, यंत्रांची मांडणी. ती एका आदेशाने दुपारी सरकत नाही. उद्योजक संघटनांनी ओरड केली, आणि त्यांचे सगळेच म्हणणे रडीचे नव्हते.

विजेची मागणी थोडी पुढे-मागे सरकवता येणे, छतावरच्या सौर पॅनेलने, बॅटरीने, गाडीच्या चार्जरने गरजेनुसार ग्रिडला हात देणे, याला वीजक्षेत्रात लवचिकता म्हणतात. ती मिळवण्याचे मार्ग दोन. एक, दर बदलायचा आणि लोक आपोआप सरकतील अशी आशा करायची. दुसरा, ज्याच्याकडे लवचिकता आहे त्याच्याकडून ती रोख मोजून विकत घ्यायची, जशी वीज विकत घेतली जाते. महावितरणने आज मुख्य भिस्त पहिल्या मार्गावर ठेवली आहे. ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात तो मार्ग फार दूर जाणार नाही. इथे दुसऱ्या मार्गाने जावे लागेल, आणि सौदा कुलूपबंद फ्लॅटशी न करता सोसायटीशी करावा लागेल.

हिशेब मांडून पाहावा. एका मध्यम सोसायटीत जमिनीखालच्या टाकीतून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवायला 5 अश्वशक्तीचा पंप असतो, म्हणजे सुमारे 3.7 किलोवॅट. तो दिवसाला दोन तास चालला तर साडेसात युनिट जळतात. हा पंप संध्याकाळऐवजी दुपारी चालवला तर कोणाच्याही नळाचे पाणी जात नाही, टाकी तेवढी आधी भरते. पंपाला टायमर लावणे हे शंभर टक्के वॉचमनच्या आवाक्यातले काम आहे. आता कमाई पाहा. सामाईक मीटरला घरगुती सवलतीचाच दर धरला तर युनिटला 80 पैशांप्रमाणे दिवसाचे 6 रुपये, महिन्याचे 180. कोणता सेक्रेटरी 180 रुपयांसाठी पाण्याची वेळ बदलून चौथ्या मजल्यावरच्या काकूंचा रोष ओढवून घेईल? बाजारात मात्र टंचाईच्या दिवशी याच साडेसात युनिटांची किंमत संध्याकाळी 75 रुपयांपर्यंत जाते आणि दुपारी चार-पाच रुपयांवरही येऊ शकते. फरक सत्तरच्या घरात, पंप सरकवणाऱ्याच्या हातात सहा. रोज असा फरक नसतो हे खरे. पण ज्या संध्याकाळी तो असतो, नेमक्या त्याच संध्याकाळी महावितरणला पंप बंद हवा असतो.

एकटा पंप बाजारात कोणी विचारत नाही, हेही खरे. केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या 2022 च्या सहायक सेवा नियमांनी मागणी कमी करणाऱ्यालाही वीजनिर्मात्याच्या पंगतीला बसवले, मात्र किमान 1 मेगावॅटची अट घालून. 1 मेगावॅट भरायला 5 अश्वशक्तीचे सुमारे 270 पंप एकाच वेळी ताब्यात हवेत. आकडा मोठा वाटतो, पण डोंबिवलीच्या एखाद-दोन प्रभागांत तेवढ्या इमारती निघतील. उणीव आहे ती त्यांची मोळी बांधणाऱ्या मध्यस्थाची. अमेरिकेच्या संघराज्य नियामक आयोगाने सप्टेंबर 2020 मध्ये आदेश क्रमांक 2222 काढून अशा मोळ्यांना घाऊक बाजाराचे दार उघडले. ब्रिटनमध्ये 2022-23 च्या हिवाळ्यात ग्रिडचालकाने ठरावीक संध्याकाळी वापर कमी करणाऱ्या घरांना थेट पैसे दिले. किमान हमीभाव युनिटला 3 पौंड होता, आणि सोळा लाखांच्या आसपास घरे व व्यवसाय त्यात उतरले. दर जसाच्या तसा राहिला. आज संध्याकाळी पाच ते सहा वॉशिंग मशीन लावू नका, एवढा निरोप आला आणि पैसे मिळाले.

परदेशाची उदाहरणे दिली की आपल्याकडे एक ठरलेला सुस्कारा निघतो. म्हणून पुण्याचे उदाहरण अधिक महत्त्वाचे. 2006 मध्ये राज्यभर भारनियमन चालू असताना पुणे शहर त्यातून बाहेर पडले, ते कोणतेही नवे वीजकेंद्र न बांधता. कारखान्यांच्या आवारात डिझेल जनरेटर आधीच उभे होते. सीआयआय या उद्योगसंघटनेने आणि प्रयास या अभ्यासगटाने योजना मांडली: टंचाईच्या तासांत कारखान्यांनी आपले जनरेटर चालवावेत, तेवढी ग्रिडची वीज शहराला सोडावी, आणि डिझेलचा जादा खर्च विश्वासार्हता आकार म्हणून शहराच्या ग्राहकांनी सोसावा. लहान घरगुती ग्राहकांवर भार पडणार नाही याची काळजी घेतली होती. तूट सुमारे 90 मेगावॅटची होती. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने जाहीर सुनावणी घेऊन योजना मंजूर केली. डिझेल महाग होते, धूर होता, सगळ्या गावांना ते जमण्यासारखे नव्हते, ही टीका तेव्हाही झाली आणि ती रास्त होती. पण त्या योजनेची रचना आजही कामाची आहे. विखुरलेल्या साधनांना एकत्र आणले, त्यांचा मोबदला ठरवला, आणि तो कोण देणार हे उघड्यावर लिहून काढले.

त्याच वर्षांत ठाणे-कल्याणच्या मध्यमवर्गाने काय केले? ज्याने-त्याने आपापला इन्व्हर्टर घेतला. बाल्कनीच्या कोपऱ्यात बॅटरी, तिच्यावर प्लास्टिकचे झाकण, आणि दर दोन-तीन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर. हजारो घरांनी स्वतःच्या खिशातून साठवणक्षमता उभी केली. ग्रिडला तिचा उपयोग शून्य झाला, उलट लाइट आली की सगळ्या बॅटऱ्या एकदम चार्जिंगला लागून भार वाढवत. संकटावर प्रत्येकाने खासगी तोडगा काढायचा आणि सार्वजनिक व्यवस्था आहे तिथेच ठेवायची, ही सवय या पट्ट्याला टँकरपासून इन्व्हर्टरपर्यंत जडलेली आहे. गच्चीवरची सौर पॅनेल त्याच वाटेने निघाली आहेत.

सौर पॅनेलबद्दलचा एक गैरसमज 12 ऑक्टोबर 2020 ला अनेकांचा दूर झाला असेल. त्या सकाळी दहाच्या सुमारास 400 केव्ही वाहिन्यांवर एकामागून एक बिघाड झाले आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईचा वीजपुरवठा कोलमडला. लोकल जिथल्या तिथे थांबल्या. आकाशात ऊन होते, पण ज्यांच्या गच्चीवर पॅनेल होती त्यांच्याही घरी दिवा नव्हता. ग्रिड गेली की साधा सौर इन्व्हर्टर आपण होऊन बंद होतो, कारण तारेवर चढलेल्या वायरमनच्या अंगावर गच्चीतून वीज जाता कामा नये. बॅटरी आणि वेगळ्या जोडणीशिवाय छतावरचे पॅनेल अडचणीत कामाला येत नाही. लवचिकतेसाठीही नुसते पॅनेल पुरत नाही. दुपारच्या पुरात ते आणखी पाणी सोडते.

नेट मीटरिंगचा वाद इथेच आहे. दुपारी ग्रिडमध्ये सोडलेले युनिट रात्री तसेच्या तसे परत मिळते, म्हणजे ग्रिड ग्राहकाला फुकट बॅटरी पुरवते. संध्याकाळी त्या युनिटसाठी महावितरणला महाग वीज घ्यावी लागते, हे तिचे म्हणणे खोटे नाही. 2025 च्या सुरुवातीला दुपारची वीज दुपारच्याच वापराशी वळती करण्याचा प्रस्ताव पुढे आला आणि सौर व्यावसायिक व ग्राहक संघटना खवळून उठल्या. त्यांचा रागही समजण्यासारखा होता. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान देऊन पॅनेल लावायला सांगायचे आणि वर्षभरात नियम बदलायची भाषा करायची, याला कोणी विश्वासाचा व्यवहार म्हणणार नाही. तोडगा ओढाताणीत नाही. सौर ग्राहकाने बॅटरी ठेवावी आणि संध्याकाळी तिच्यातून ग्रिडला वीज द्यावी, त्या युनिटाला दुपारच्या युनिटापेक्षा चढा भाव मिळावा. भाव आधी आणि किमान काही वर्षांसाठी जाहीर व्हावा. तेव्हाच कोणी बॅटरीत पैसे घालेल.

मग मीटर. स्मार्ट मीटरचे नाव काढले की कल्याणपासून कोल्हापूरपर्यंत मोर्चे निघतात. जून 2024 मध्ये सामान्य ग्राहकांच्या घरी स्मार्ट प्रीपेड मीटर बसवणार नाही असे सरकारने जाहीर केले. पुढे टीओडी मीटर म्हणून मीटर बसू लागले, प्रीपेड नसलेले. लोकांच्या मनात शंका राहिली ती अशाने. पण या मीटरवाचून कोणत्या पंधरा मिनिटांत किती वीज वापरली हे सिद्ध करता येत नाही, आणि सिद्ध न होणाऱ्या गोष्टीचे पैसे कोणी देत नाही. मीटर घरात आला तेव्हा त्याबरोबर कमाईची एक तरी संधी यायला हवी होती. आले ते बिल वाढण्याचे भय. क्रम चुकला. ज्या सोसायटीला सामाईक मीटरवर लवचिकतेचा करार मिळेल, तिथल्या सभासदांना मीटरचा उपयोग मोर्चाच्या पत्रकापेक्षा आपल्या ताळेबंदात अधिक लवकर दिसेल.

सोसायटीच का? तिच्याकडे नोंदणी आहे, बँक खाते आहे, लेखापरीक्षण आहे आणि सामाईक मीटर आहे. पंप, लिफ्ट, जिन्याचे दिवे तिच्या ताब्यात आहेत. विजेवरच्या गाड्यांचे चार्जरही तिच्याच आवारात येत आहेत, आणि हा भार पंपापेक्षा कितीतरी मोठा आहे. दहा गाड्या रात्री आठला 3.3 किलोवॅटच्या साध्या चार्जरवर लागल्या तर 33 किलोवॅट, म्हणजे नऊ पंपांइतके. त्या गाड्या सकाळी सातला हव्या असतात. रात्री साडेबारानंतर चार्ज झाल्या तरी मालकाला फरक पडत नाही, डीपीला मात्र पडतो. सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामाईक वापरासाठी किलोवॅटला 18,000 रुपये अनुदान आहे. साधने एकाच छपराखाली, एकाच मीटरवर, निर्णय घेणारी समिती एक. देशात इतकी तयार मोळी दुसरीकडे क्वचितच सापडेल.

समित्यांचा कारभार ज्यांनी पाहिला आहे ते इथे हसतील. पार्किंगच्या एका पट्ट्यावरून पाच वर्षे भांडणारी सोसायटी ग्रिडला काय वाचवणार? शंका योग्य आहे. म्हणून करार असा हवा की त्यात रोज निर्णय घ्यावा लागू नये. पंपाला एक स्वयंचलित कळ, टाकीतली किमान पातळी राखण्याची अट, हवे तेव्हा बाहेर पडण्याची मुभा, आणि वर्षाअखेरी देखभाल खर्चात दिसणारी ठोक रक्कम. दुसरी शंका अधिक गंभीर आहे. दिव्याच्या, मुंब्र्याच्या, कल्याण पूर्वेच्या चाळींत ना सोसायटी, ना पंप, ना गाडी. मोबदल्याचे पैसे शेवटी सगळ्यांच्या वीजदरातून येणार असतील तर चाळीतल्या माणसाने टॉवरच्या टाकीचे पैसे का भरावेत? उत्तर एवढेच की आजही संध्याकाळच्या महाग खरेदीचा बोजा त्याच्याच बिलात उतरतो. लवचिकता त्या खरेदीपेक्षा स्वस्त मिळाली तरच ती घ्यावी, एका पैशानेही महाग पडली तर घेऊ नये. पुण्याच्या योजनेत लहान ग्राहकाला वगळण्याची अट होती, तीही जशीच्या तशी उचलता येईल.

काही ठिकाणी हात घालू नये. डोंबिवली एमआयडीसीने मे 2016 आणि मे 2024 चे स्फोट पाहिले आहेत. रासायनिक कारखान्यात थंडावा देणारे पंप किंवा ढवळणी बाहेरून बंद करण्याची कल्पनाही कोणी मांडू नये. तिथे लवचिकता शोधायचीच तर बर्फाच्या साठ्यात, गोदामात, सांडपाणी प्रक्रियेत, आणि कारखान्याच्या अभियंत्याच्या सहीने.

महापालिकांना मात्र कसलीच सबब नाही. कल्याण-डोंबिवलीचे पाणी मुळात विजेच्या वाटेनेच येते. टाटांच्या 1922 च्या भिवपुरी केंद्रात आंध्रा धरणाचे पाणी वीज तयार करून उल्हास नदीत उतरते. मोहिली आणि बारावे इथे महापालिका तेच पाणी पुन्हा वीज खर्चून उचलते, आणि शहाड-टेमघर योजना ठाण्याच्या वाट्याचे. या उदंचन केंद्रांची वीज गेली की दुसऱ्या दिवशी अर्ध्या शहरात पाण्याची बोंब होते, एवढा त्यांचा भार आणि महत्त्व. शहरातले जलकुंभ थोडे मोठे बांधले तर हे पंप संध्याकाळचे तीन तास थांबू शकतात. ठाणे जिल्ह्याला हे तत्त्व नवे नाही. शहापूर तालुक्याच्या हद्दीत खालचे धरण असलेला घाटघरचा 250 मेगावॅटचा उदंचन प्रकल्प याच हिशेबावर चालतो: वीज मुबलक असताना पाणी वर चढवायचे, टंचाईत खाली सोडायचे. ठाणे महापालिकेच्या परिवहन सेवेच्या (टीएमटी) विजेवर चालणाऱ्या बसगाड्यांच्या डेपोलाही चार्जिंगची वेळ पाळता येते. एका महापालिकेकडे शेकडो सोसायट्यांइतका सरकवता येणारा भार एका सहीखाली आहे. सुरुवात तिथून व्हावी.

आणि कायदा? तो बराचसा तयार आहे. राज्य आयोगाने 2024 मध्ये मागणीच्या लवचिकतेसाठी स्वतंत्र विनियम केले. मुंबईत टाटा पॉवरने 2023 मध्ये ऑटोग्रिड कंपनीच्या साहाय्याने 55,000 घरगुती आणि 6,000 मोठ्या ग्राहकांना घेऊन संध्याकाळचा भार 75 मेगावॅटने उतरवण्याचा कार्यक्रम जाहीर केला, 2025 च्या उन्हाळ्यापर्यंत तो 200 मेगावॅटवर नेण्याच्या उद्दिष्टासह. टाटा पॉवरला मुंबईत जे करता येते ते महावितरणला ठाण्यात का करता येऊ नये, हा प्रश्न ठाणेकराने विचारायला हवा. महावितरणचा विस्तार गडचिरोलीपर्यंत आहे आणि तिच्या डोक्यावर शेतीपंपांच्या थकबाकीचा डोंगर आहे, ही तिची बाजू. पण भांडुप आणि कल्याण या परिमंडळांतली वसुली चांगली, ग्राहक दाट आणि बिघाड रोजचे. एका उन्हाळ्यासाठी, भार नेहमी ओलांडणाऱ्या चार-पाच फीडरांवर, सोसायट्यांकडून निविदा मागवून लवचिकता विकत घ्यावी आणि भाव जाहीर करावा. नवा ट्रान्सफॉर्मर आणि महाग संध्याकाळची वीज यांच्याशी त्या भावाची तुलना वर्तमानपत्रात छापून यावी. प्रयोग फसला तर खर्च मर्यादित आहे.

सहकारी गृहनिर्माण संस्थांना दरवर्षी 30 सप्टेंबरपूर्वी वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. यंदाच्या विषयपत्रिकेत रंगकाम आणि पार्किंगच्या खाली आणखी एक विषय घालावा: पंप आणि चार्जरची वेळ बदलण्याची तयारी, आणि त्याचा मोबदला मिळावा ही मागणी. ठरावाची एक प्रत महावितरणच्या परिमंडळ कार्यालयात द्यावी, दुसरी महाराष्ट्र वीज नियामक आयोगाला पाठवावी. आयोगाच्या जाहीर सुनावणीत कोणत्याही ग्राहकाला लेखी सूचना देता येते, त्यासाठी वकील लागत नाही.